फील्ड पॉइंट मुठीत, ब्रॉडहेड डावीकडे-खाली: मोसमाआधी टोक निवडणं आणि सराव

रानवाट_पीए

पेन्सिल्व्हेनियात ऑक्टोबरच्या सुरुवातीला धनुष्याचा मोसम उघडतो. शिकार पांढऱ्या शेपटीच्या हरणाची, बहुतेक बाण २० ते ३० यार्डांतून. इथे उत्तर अमेरिकेतले बरेच धनुर्धारी आहेत, म्हणून नेमके आकडे देऊन विचारतो.

धनुष्य कंपाउंड (टोकांना कॅम म्हणजे चाकं असलेलं), ताण ६० पौंड, ड्रॉ (दोरी ओढायची लांबी) २८ इंच, रिलीज (दोरी सोडायची कळ) मनगटाचा, उजव्या हाताने. बाण कार्बनचा, स्पाइन (कडकपणाचा आकडा) ४००, नॉकच्या (दोरीत अडकणाऱ्या मागच्या तुकड्याच्या) खाचेपासून शाफ्टच्या (दांड्याच्या) टोकापर्यंत २८.५ इंच, २ इंची तीन पिसं. वेग २६५ फूट प्रति सेकंद.

१०० ग्रेनचे (सुमारे साडेसहा ग्रॅमचे) फील्ड पॉइंट, म्हणजे सरावाची साधी टोकं, ३० यार्डांवर ३ इंचांच्या आत बसतात. त्याच बाणांना १०० ग्रेनचे तीन पात्यांचे फिक्स्ड ब्रॉडहेड (स्थिर पात्यांची शिकारीची टोकं) लावले, की २० यार्डांवर २ इंच डावीकडे आणि दीड इंच खाली, ३० यार्डांवर ५ इंच डावीकडे आणि ३ इंच खाली. वजन तेच आहे, तरी फरक का पडतो? साइट (नेम धरायच्या पिना) सरकवून घ्यावी, मेकॅनिकल (लागल्यावर पाती उघडणारे ब्रॉडहेड) लावावेत, की १२५ ग्रेनवर जावं?

हडसनकाठ

मेकॅनिकल लावा. पाती उडताना मिटलेली असतात, त्यामुळे ते फील्ड पॉइंटच्या जवळपास जातात. तुमच्या धनुष्याला जोर भरपूर आहे.

ओहायो_आप्पा

रानवाट, साइटला अजिबात हात लावू नका. साइट सरकवलीत तर दोष लपेल, जाणार नाही.

फील्ड पॉइंटला पंख नसतात. बाण दोरीवरून थोडा वाकडा सुटला तरी मागची पिसं पहिल्या काही यार्डांत त्याला सरळ करतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. फिक्स्ड ब्रॉडहेडची पाती म्हणजे बाणाच्या पुढे लावलेले पंख. बाण वाकडा सुटला, की तीच पाती हवेला धरून बाण ओढतात आणि मागच्या पिसांशी त्यांची झटापट चालू होते. तुमच्याकडे अंतर दीडपट झालं आणि डावीकडची चूक अडीचपट झाली. चूक अंतरापेक्षा वेगाने वाढतेय, म्हणजे बाण उडताना वळतोय. साइट चुकीची असती तर फरक साधारण अंतराच्या प्रमाणातच वाढला असता. आता २० यार्डांसाठी साइट सरकवलीत तर ३० यार्डांवर पुन्हा चुकेल.

मेकॅनिकलला माझा विरोध नाही. पण वाकड्या बाणावर मेकॅनिकल लावला तर तो वाकडाच आत शिरतो आणि अर्धा जोर बाजूला जातो. आधी बाण सरळ सुटू दे, मग टोक कुठलंही निवडा.

गणिती_तात्या

१२५चा हिशेब करून टाकतो. तुमचा शाफ्ट इंचाला ८.८ ग्रेन धरला तर २८.५ इंचांचे २५१. इन्सर्ट (टोक आवळायचा शाफ्टमधला आटा) २०, पिसं १८, नॉक १०, टोक १००. एकूण ३९९ ग्रेन. २६५च्या वेगाने ऊर्जा ६२.२ फूट-पौंड. (वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०.)

१२५ लावलं तर ४२४ ग्रेन, वेग २५८च्या आसपास, ऊर्जा ६२.७. म्हणजे ऊर्जा जवळपास तीच. संवेग मात्र ०.४६९ वरून ०.४८५ होतो, आणि हाडामांसातून पार जाताना कामाला येतो तो संवेग.

पण २५ ग्रेन पुढे वाढले, की बाण सुटताना जास्त वाकतो, म्हणजे वागायला मऊ होतो. ६० पौंडाला २८.५ इंचांचा ४००चा शाफ्ट आधीच काठावर आहे. १२५ वर जायचं तर ३४० स्पाइन घ्या. नव्या वाचकांसाठी: स्पाइनचा आकडा जितका लहान तितका बाण कडक. २८ इंचांच्या अंतरावर दोन टेकू ठेवून मध्ये १.९४ पौंडाचं वजन टांगलं आणि शाफ्ट ०.४०० इंच वाकला, तर तो ४००चा.

तिरंदाज_सातारा

साताऱ्याहून लिहितोय. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे ब्रॉडहेडबद्दल काही बोलत नाही. पण बाण सरळ सोडणं दोन्हीकडे सारखंच. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंडमध्ये अदिती स्वामी आणि ओजस देवतळे या दोघांनी वैयक्तिक सुवर्ण मिळवलं, आणि दोघंही सराव करायचे ते इथेच. त्यामुळे ट्यूनिंगचं (धनुष्य आणि बाण जुळवण्याचं) वेड इथे भरपूर आहे.

रेस्टला (बाण टेकतो त्या आधाराला) हात लावण्याआधी तीन गोष्टी पाहा.

एक, पकड. मूठ आवळून धरली, की रायझर (धनुष्याचा मधला, हातात धरायचा भाग) सुटताना पिळतो आणि बाणाची शेपूट बाजूला फेकली जाते. रायझर अंगठ्याच्या मुळाच्या गादीवर टेकला पाहिजे, तळहातावरच्या आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला. बोटं सैल. ब्रॉडहेड एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे जात असतील तर दोष हाताचा. सगळे एकाच बाजूला जात असतील तर दोष बहुधा धनुष्याच्या जुळणीचा. रानवाट, तुमचे सगळे डावीकडेच आहेत का?

दोन, पिसं रेस्टला किंवा केबलला लागताहेत का. पायाला मारायची पावडर फवाऱ्यात मिळते, ती पिसांवर आणि रेस्टवर मारा आणि एक बाण सोडा. पावडर पुसली गेलेली जागा लगेच दिसते. नॉक थोडा फिरवला, की बहुतेक वेळा मोकळं होतं.

तीन, कागद. चौकटीला कागद ताणून ६ फुटांवरून पिसांचा बाण सोडा. भोक गोल आणि पिसांच्या तीन चिरा सारख्या असल्या, की पहिली पायरी झाली. कागद म्हणजे सुरुवात, शेवटचा शब्द नव्हे.

रानवाट_पीए

@तिरंदाज_सातारा, सगळे डावीकडेच, एकसारखे. फक्त सहापैकी दोन बाण थोडे जास्त भरकटतात.

ओहायो_आप्पा

ते दोन आधी बाजूला काढा. त्यांच्यासकट ट्यूनिंग केलंत तर आठवडा वाया जाईल.

बाणांवर मार्करने १ ते ६ आकडे घाला. ब्रॉडहेड लावून प्रत्येक बाण टोकावर उभा करा आणि कडक लाकडाच्या ठोकळ्यावर भोवऱ्यासारखा फिरवा. ब्रॉडहेड आणि शाफ्ट जुळतात त्या सांध्याकडे बघा, पिसांकडे नाही. सांधा थरथरला तर तो बाण वाकडा. मग त्याचं टोक दुसऱ्या बाणाला लावा. थरथर टोकाबरोबर गेली तर फेरूल (टोकाचा मधला, पाती धरणारा भाग) वाकलंय, ते टोक टाकून द्या. थरथर बाणातच राहिली तर इन्सर्ट तिरपं बसलंय किंवा शाफ्टचं टोक काटकोनात कापलेलं नाही.

शाफ्टचं टोक काटकोनात करायला छोटं घासयंत्र मिळतं. कडेला चंदेरी मार्कर फिरवा आणि घासा. शाई सगळीकडून सारखी निघाली की झालं. आतली धूळ अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. इन्सर्ट इपॉक्सीने बसवा, फिरवत फिरवत आत सरकवा, उलटा उभा करून रात्रभर ठेवा. हॉट मेल्ट (वितळवून लावायचा गोंद) वापरायचं तर कार्बन गरम करू नका, इन्सर्टला स्क्रू केलेला फील्ड पॉइंट गरम करा. कार्बन जास्त तापला, की त्यातला राळ जळतो आणि पुढे कधीतरी बाण हातात फुटतो.

पाती आणि पिसं एका रेषेत आणायच्या मागे लागू नका, त्याने काही बदलत नाही. सांधा सरळ फिरला पाहिजे, एवढंच.

मग रेस्ट. आधी वर-खाली, नंतर डावं-उजवं. दोन्ही एकदम करायचं नाही. नियम एकच: ब्रॉडहेड जिकडे जायला हवेत तिकडे रेस्ट सरकवा. तुमचे खाली जाताहेत, म्हणून रेस्ट वर. १/३२ इंच, म्हणजे ०.८ मिलिमीटर. सरकवण्याआधी जुन्या जागेवर पेन्सिलची खूण. २० यार्डांवर तीन फील्ड पॉइंट, तीन ब्रॉडहेड, वेगवेगळ्या ठिपक्यांवर. दोन्ही गट एका उंचीवर आले, की रेस्ट उजवीकडे १/३२. पुन्हा तेच. मग ३० यार्डांवर जा, तिथे उरलेला फरक दिसतो. दोन्ही गट एकत्र आले, की मगच साइट.

रेस्ट १/८ इंचाहून जास्त सरकवावी लागली, तर थांबा. दोष दुसरीकडे आहे: कॅम तिरका, दोन कॅमची वेळ जुळत नाही, किंवा स्पाइनच चुकीचा. नुसतं डावं-उजवं पाहून स्पाइनचा निकाल देऊ नका. रिलीजने सोडलेल्या कंपाउंडला तेच लक्षण पकडीमुळेही दिसतं.

एडिसनकर

निवडीआधी कायदा बघा. पेन्सिल्व्हेनियात हरणासाठी ब्रॉडहेडची कापणारी रुंदी किमान ७/८ इंच आणि किमान दोन पोलादी धारा. आमच्या न्यू जर्सीत ३/४ इंच. धनुष्य दोन्हीकडे किमान ३५ पौंड. न्यू जर्सीत वस्तीतल्या घरापासून धनुष्याला १५० फूट अंतर, बंदुकीला ४५०. उलटे काटे असलेलं टोक बऱ्याच राज्यांत चालत नाही, आणि मेकॅनिकलचे नियमही राज्याराज्यांत वेगळे आहेत. शेजारच्या राज्यात जाताना त्या वर्षीची पुस्तिका वाचूनच टोक खरेदी करा.

टेम्सकाठी

अवांतर: ब्रिटनमध्ये धनुष्याने शिकार पूर्णपणे बेकायदा आहे, हरणाची सोडाच, सशाचीही चालत नाही. इकडे धागा वाचून कुणी उत्साहाने ब्रॉडहेड मागवू नयेत म्हणून लिहिलं.

वसुधा_मिशिगन

माझा प्रश्न याच धाग्यात बसतो. धनुष्य ४५ पौंड, ड्रॉ २६ इंच, बाण ३८० ग्रेन, वेग २१०. दुकानात २ इंच रुंद उघडणारे मेकॅनिकल सुचवतात, म्हणे भोक मोठं पडतं. घ्यावेत का?

गणिती_तात्या

वसुधाताई, तुमची ऊर्जा ३७ फूट-पौंड. ईस्टन या बाण बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात २५ ते ४१ हा पट्टा हरणासारख्या प्राण्यासाठी आहे, म्हणजे धनुष्य पुरेसं आहे. पण खर्चाला शिल्लक नाही. मेकॅनिकलला पाती उघडायलाच काही जोर लागतो आणि २ इंचांची रुंदी मांसातून ओढायला आणखी. बाण अर्ध्यात अडकला तर एकच भोक, तेही वरच्या बाजूला, आणि रक्त बाहेर न पडता छातीत साठतं. माग काढणं अशक्य होऊन बसतं.

तुम्ही दोन पात्यांचा फिक्स्ड घ्या, टोकापासूनच कापत जाणारा, रुंदी १ ते १ १/८ इंच. पार गेलेला अरुंद बाण अडकलेल्या रुंद बाणापेक्षा कधीही चांगला. खालचं भोक मिळालं, की रक्ताचा माग मिळतो.

हडसनकाठ

कमी ताणाच्या धनुष्याला मेकॅनिकल नको, मान्य. पण ६२ फूट-पौंडवाल्याला का घाबरवताय? आतड्याकडे थोडा मागे लागलेला बाण रुंद टोकाने जास्त कापतो, माग लवकर मिळतो. हा फायदा खरा आहे.

ओहायो_आप्पा

फायदा खरा आहे. त्याच्यासोबत काय सांभाळायचं तेही लिहायला हवं.

पाती धरून ठेवणारी प्लास्टिकची कॉलर किंवा रबरी रिंग एकदा उघडली, की बदलायची. थंडीत प्लास्टिक कडक होऊन तडकतं, म्हणून भात्यातून बाण काढताना प्रत्येक वेळी पाती बोटाने नाही, डोळ्यांनी तपासायची. भात्याच्या फोममध्ये खुपसल्याने पाती सैल होतात, मेकॅनिकलसाठी आत पोकळी असलेलं झाकण वापरा. आणि कोन: हरीण बरंच तिरकं उभं असेल तर काही रचनांत एक पातं आधी टेकतं आणि टोक बरगडीवरून घसरतं. आडव्या उभ्या हरणाला हा त्रास कमी. एल्क किंवा मूस या मोठ्या हरणांसाठी मात्र फिक्स्डच, यावर माझं मत पक्कं आहे.

डोंगरदऱ्या_मोंटाना

आप्पांना अनुमोदन, एल्कबद्दल तर दुप्पट. डॉ. एड ॲशबी यांचं बाण किती खोल जातो यावरचं काम इथे बरेच जण मानतात. जड हाड फोडायला एकूण बाण ६५० ग्रेनच्या वर हवा, असा त्यांचा निष्कर्ष. त्यासोबत दोन पात्यांचं, एकाच बाजूने घासलेलं सिंगल बेव्हल टोक. ते आत शिरताना पिळत जातं आणि हाड चिरतं. उजवा बेव्हल असेल तर पिसंही उजवीकडे वळवलेली हवीत, नाहीतर हवेत एकीकडे फिरणारा बाण मांसात उलटा फिरायला बघतो आणि तेवढा जोर फुकट जातो.

गणिती_तात्या

६५० ग्रेन हरणासाठी कशाला? रानवाट यांच्या ६० पौंडी धनुष्यातून तो बाण २१० च्या आसपास निघेल. २५ यार्ड समजून ३० यार्डांवरच्या हरणावर सोडला, तर बाण नेमापेक्षा बराच खाली लागेल. ४०० ते ४५० ग्रेनमध्ये दोन्ही साधतं. पुढचा भार मात्र तपासून घ्या: बाण बोटावर तोला, तोल साधला त्या बिंदूचं नॉकच्या खाचेपासूनचं अंतर मोजा, त्यातून अर्धी लांबी वजा करा, लांबीने भागा. २८.५ इंचांचा बाण १७.८ वर तोलला तर १२.५ टक्के. १० ते १५ टक्के असला की ब्रॉडहेड शहाण्यासारखा उडतो.

डोंगरदऱ्या_मोंटाना

तात्या, हरणाच्याही खांद्याचं हाड मध्ये येतंच. पण २० यार्डांचा वाद घालत नाही, अंतराचा मुद्दा बरोबर आहे.

खुरपं

टोक निवडीवर इतकं बोलणं झालं, धारेवर एकही ओळ नाही. बंदुकीची गोळी धक्क्याने मारते, बाण कापून मारतो. बोथट ब्रॉडहेड रक्तवाहिनी बाजूला सारतो, धारदार ब्रॉडहेड ती चिरतो. बोथट धारेची जखम लवकर गोठते आणि हरीण मैलभर जाऊन आठवड्याने मरतं. हे टाळणं आपल्या हातात आहे. पाकिटातून काढलेलं टोक धारदार असेलच असं नाही.

परीक्षा सोपी. रबरबँड दोन खिळ्यांत हलका ताणा आणि पातं त्यावर टेकवा. नुसत्या वजनाने तुटला तर धार आहे, ढकलावा लागला तर नाही.

बदलायची पाती असतील तर घासत बसू नका. सरावाची पाती वेगळी, मोसमासाठी नवी पाती पाकिटातच. फोममध्ये एकदा गेलेलं पातं शिकारीला नाही. पात्याची जाडी ०.०३० इंच किंवा जास्त घ्या, पातळ पातं बरगडीवर वाकतं.

तीन पात्यांचं अखंड पोलादी टोक धार लावायला सगळ्यात सोपं. दोन पाती एकदम सपाट दगडावर टेकतात आणि ६० अंशांचा कोन आपोआप धरला जातो. धारेवर आधी काळा मार्कर फिरवा. ४०० दाण्याच्या हिरा-पट्टीवर टोकाच्या दिशेने पुढे ढकला, दहा वेळा, मग एक तृतीयांश फिरवा. शाई कडेपर्यंत निघाली, की धार दगडाला भिडली. मग १०००, प्रत्येक फेरीला दाब कमी करत. शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर पॉलिश लावून उलट्या दिशेने, म्हणजे धार मागे ठेवून ओढा. दोन पात्यांना एका बाजूला २० ते २५ अंश. त्यापेक्षा पातळ केली तर विळीसारखी तिखट होईल, पण हाडावर कड दुमडेल.

शेवटी व्हॅसलिनचा पातळ हात. ऑक्टोबरच्या दवात एका रात्रीत धारेवर गंज धरतो, आणि गंजाने सगळ्यात आधी जाते ती धारच.

वसुधा_मिशिगन

खुरपं, हे वेगळं छापून ठेवलं. धार लावताना टोक धरायचं कशाने?

खुरपं

तुटक्या बाणाचा ६ इंचांचा तुकडा, त्यात इन्सर्ट तसाच ठेवायचा. टोक त्यात आवळलं, की छान मूठ होते. बाणाला लावताना आणि काढताना प्लास्टिकची पान्यासारखी चावी वापरायचीच, बोटांनी नाही.

मॅपलवन

सरावाच्या टार्गेटबद्दल. कापडी पोत्याच्या टार्गेटवर ब्रॉडहेड मारू नका. पाती आतल्या चिंध्यांत अडकतात, बाहेर ओढताना पोतं फाटतं आणि इन्सर्ट निघून आत राहतं. थरांच्या फोमचं टार्गेट घ्या, चारी बाजूंनी मारता येणारं. पात्यांनी फोम आधीच कापलेला असतो, त्यामुळे शेजारी शेजारी मारलं तर तुकडेच निघतात. प्रत्येक बाणाला वेगळा ठिपका ठेवा. नाहीतर दुसरा ब्रॉडहेड पहिल्या बाणाची पिसं कापतो.

शाफ्टच्या पुढच्या ८ इंचांवर साबणाची वडी घासली, की बाण सहज निघतो. काढताना एक हात टार्गेटवर, दुसऱ्याने सरळ रेषेत ओढायचं, पिळायचं नाही. पिळलं की टोकाचा आटा सुटतो आणि टोक आत राहतं. मागे कुणी उभं राहू नये.

बाण काढल्यावर दर वेळी: टोक आवळलेलं आहे का, फिरवून सरळ आहे का, आणि शाफ्ट दोन्ही हातांत हलका वाकवून कानाशी धरा. करकर आली तर मोडून फेका. तडा गेलेला कार्बन सुटताना फुटला, की तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसतात.

मेकॅनिकलवाल्यांसाठी: पाकिटात बहुतेक वेळा एक सरावाचं टोक येतं, पाती न उघडणारं. त्याने सराव करा, पण मोसमाआधी खऱ्यापैकी एक तरी मारून बघा. दोन्ही एकाच जागी जातात हे गृहीत धरू नका.

रानवाट_पीए

मॅपलवन, सराव किती? रोज ५०-६० बाण मारतो.

मॅपलवन

५० बाणांतला पहिला एकच मोजा. झाडावर तीन तास बसून आखडलेल्या हाताने सोडायचा असतो तो पहिलाच बाण असतो, साठावा नसतो. सकाळी अंग न तापवता एक ब्रॉडहेड, अंतर आदल्या रात्री चिठ्ठीत लिहिलेलं, आणि आकडा वहीत. तापल्यानंतर हवे तेवढे फील्ड पॉइंट मारा.

हरणाची छाती, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं मिळून, साधारण ८ इंचांची. सरावाला ६ इंचांची ताटली धरा, कारण रानात कोन, झुळूक आणि धडधड असतेच. दहा सकाळींचे दहा पहिले बाण ज्या अंतरावर ताटलीत बसले, ते तुमचं अंतर. नऊ बसले तर ५ यार्ड मागे या. कुणाचं ४० येईल, कुणाचं १८. १८ असेल तर १८.

शेवटचे पंधरा दिवस पूर्ण पोशाखात मारा. जाड जॅकेटची बाही दोरीला लागली, की बाण ६ इंच सरकतो. हातमोज्यात रिलीज वेगळा लागतो. संध्याकाळच्या शेवटच्या कायदेशीर उजेडात पीपमधून (दोरीत बसवलेल्या, डोळ्यासमोरच्या भोकातून) पिन दिसते का, तेही बघा. दिसत नसेल तर पीपचं भोक ३/१६ ऐवजी १/४ इंचाचं घ्या.

ओहायो_आप्पा

झाडावरचा सराव राहिला. २० फुटांवरून खाली मारताना हात खाली केला तर खांदा आणि डोळ्याची रेषा तुटते आणि बाण वर जातो. आधी सरळ पुढे बघत दोरी ओढा, मग कमरेतून वाका. अंगभर पट्ट्यांचा हार्नेस जमिनीवर पाय असतानाच दोरीला अडकवा, चढून झाल्यावर नाही. धनुष्य आणि बाण नंतर दोरीने वर ओढा, ब्रॉडहेड झाकलेले, दोरीवर बाण न चढवता.

कोन: आडवं उभं हरीण किंवा तोंड पलीकडे करून थोडं तिरकं. बाण कुठे शिरणार यापेक्षा कुठून बाहेर पडणार ते आधी ठरवा. तिरक्या हरणाला पलीकडच्या पुढच्या पायाकडे बाहेर पडेल असा मारा. समोरून, आपल्याकडे तिरकं, पळतं, किंवा थेट पायाखालचं: धनुष्य उतरवा. यातल्या कोनांत दोन्ही फुप्फुसं एका बाणात येत नाहीत.

आणि रानवाट, २८.५ इंचांच्या बाणाला पूर्ण ओढल्यावर ब्रॉडहेड रेस्टच्या किती पुढे राहतो ते मोजा. शाफ्टचं टोक किमान १ इंच पुढे हवं. बाण कमी लांबीचा कापलेला असेल तर पाती थेट तर्जनीपाशी येतात.

एडिसनकर

मागाबद्दल थोडं, कारण टोकाची निवड शेवटी तिथेच कळते. सोडलेला बाण आधी शोधा. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा. गडद लाल म्हणजे यकृत, किमान चार तास. हिरवट आणि वास येणारं म्हणजे आतडं, आठ ते बारा तास. घाई केलीत तर बसलेलं हरीण उठतं आणि माग संपतो.

हरीण मिळालं, की पोट फाडण्याआधी बाणावरची पाती मोजा. एक कमी असेल तर ते आत आहे. छातीत चाचपडणारा हात त्यावर पडतो. नंतर ते मांसातही सापडू शकतं.

रानवाट_पीए

सगळं करून झालं, आकडे देतो.

फिरवून पाहिलं तर बाण ३ आणि ५ थरथरत होते. पाचव्याचं फेरूल वाकलेलं, टाकून दिलं. तिसऱ्याच्या शाफ्टचं टोक तिरकं होतं, घासून इन्सर्ट पुन्हा बसवलं. पावडरमध्ये खालचं पीस रेस्टला घासताना दिसलं, नॉक थोडा फिरवल्यावर मोकळं झालं. त्यानंतर रेस्टला हात न लावताच ३० यार्डांवर खालचा फरक ३ वरून १ इंचावर आला.

मग रेस्ट १/३२ वर आणि १/३२ उजवीकडे दोनदा. आता ३० यार्डांवर ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या डावीकडे पाऊण इंच, उंची तीच. पुढचा भार ११.८ टक्के. टोक १०० चंच ठेवतोय, फिक्स्ड.

तिरंदाज_सातारा

पाऊण इंच म्हणजे तुमच्या ३ इंचांच्या गटाच्या आतच आहे. थांबा, आता आणखी सरकवू नका. पिसं २ इंचांऐवजी ३ इंची आणि थोडी पिळून लावली तर उरलेलंही कमी होईल, पण ते पुढच्या वर्षी.

ओहायो_आप्पा

बरोबर. आता साइट हलवा, फील्ड पॉइंटच्या नव्या गटाकडे. साइटचा नियम रेस्टच्या उलट: बाण जिकडे गेले, पिन तिकडे. २० पक्की करा, मग ३०. रेस्टच्या स्क्रूवर रंगीत मार्करची एक रेघ ओढून ठेवा. मोसमात धनुष्य कुठे आपटलं, तर रेघ तुटलेली लगेच दिसते.

वसुधा_मिशिगन

दोन पात्यांचं, १ १/८ इंची मागवलंय. आल्यावर आधी फिरवून बघते, मग खुरपं यांचा रबरबँड.